खिडकीतला पेला

आज संध्याकाळी मावशीकडे गेले होते. बसल्या बसल्या तिने मोबाईलवर पाकिस्तानातल्या जळालेल्या चर्चचा जुना व्हिडिओ दाखवला. १६ ऑगस्ट २०२३, जडांवाला. वीसहून जास्त चर्च एका दिवसात. मावशीच्या डोळ्यांत पाणी. "बिचारी आपली माणसं गो," म्हणाली. मलाही भरून आलं.

दहा मिनिटांनी धुणंभांडी करणाऱ्या ताईंना चहा दिला तिने. खिडकीतला स्टीलचा पेला. ताईंनी ओट्यापासून लांब, मोरीच्या दारात बसून चहा घेतला, पेला स्वतः विसळला आणि परत खिडकीत उपडा ठेवला. कोणाला काहीच वाटलं नाही. माझ्या हातात फुलांचा कप होता, बशीसकट.

तेव्हापासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दुबईला असताना आमच्या कंपनीत पाकिस्तानातल्या फैसलाबादकडचा एक इलेक्ट्रिशियन होता. मसीही, म्हणजे ख्रिस्ती, आमच्यासारखाच कॅथलिक. शुक्रवारी सेंट मेरीज चर्चमध्ये त्याची उर्दू मिस्सा असायची, आमची इंग्रजी. एकदा अंगणात भेटला, मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. त्याने झाकण हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, "बाजी (ताई), ये आपका अपना है?" मी हो म्हटलं. तर त्याने झाकण ओठाला न लावता, वरून धार सोडत चहा प्यायला. गरम चहा! शर्टावर सांडला. त्याच्या गावातल्या टपरीवर मसीही लोकांचे कप वेगळे ठेवलेले, पिऊन झालं की आपले आपण धुवायचे. चाळिशीचा माणूस, परमुलखात, चर्चच्या अंगणात, पण हाताची सवय सुटली नव्हती.

पाकिस्तानातली ख्रिस्ती बाई, आसिया बीबी, आठवते ना? तिच्या बातम्या आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केल्या. ती सुरुवात कशाने झाली? पाण्याने. जून २००९, शेतात फालसे तोडायचं काम, ऊन, तिने विहिरीचं पाणी काढून तिथल्याच भांड्यातून प्यायलं. सोबतच्या बायका म्हणाल्या, भांडं बाटलं. भांडण वाढलं, ईशनिंदेचा आरोप झाला, २०१० ला फाशीची शिक्षा. २०१८ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने सोडलं तोवर नऊ वर्षं गेली होती.

भांडं बाटलं! हा शब्द कुराणातला नाही हो. हा आपल्या मातीतला आहे, वाघा बॉर्डरच्या दोन्ही बाजूंचा. पंजाबातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे सफाई करणाऱ्या जातीतले, दीडशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेले. धर्म बदलला, झाडू सुटला नाही. आजही तिथे सफाई कामगारांच्या जाहिरातीत 'फक्त बिगरमुस्लिम' असं छापलेलं सापडतं. "चूहडा", त्या जातीचं नाव, ही शिवी त्या इलेक्ट्रिशियनने लहानपणी शाळेत ऐकलेली.

उलट कराचीतले आपले गोवेकर कॅथलिक बघा. सेंट पॅट्रिक्स शाळा, इंग्रजी, क्लब, बँड. वॉलिस मथायस तर १९५५ ला पाकिस्तानकडून कसोटी खेळला, तिथला पहिला बिगरमुस्लिम खेळाडू. त्यांनाही पुढे जड गेलं, बरेच देश सोडून गेले. पण त्यांचा कप कोणी वेगळा ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मान्य, आपल्याकडे पेल्यावरून कोणाला फाशी होत नाही. तिथला १९८६ चा ईशनिंदेचा कायदा भयंकरच आहे. शाहबाझ भट्टी, मंत्री असलेला ख्रिस्ती माणूस, त्या कायद्याविरुद्ध बोलला म्हणून २ मार्च २०११ ला गोळ्या घातल्या. पण त्याच्या दोन महिने आधी आसियाची बाजू घेतली म्हणून मारले गेलेले तिथल्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर मुसलमान होते, आणि तिला सोडवणारा वकीलही मुसलमानच. "ते लोक असलेच" म्हणणाऱ्यांनी माझ्या पोस्टखाली येऊ नये, डिलीट करेन.

जडांवालाच्या वेळी मी त्या इलेक्ट्रिशियनला फोन केला होता. त्याची बहीण मुलांना घेऊन रात्रभर उसात लपून बसलेली. तो रडत नव्हता, फक्त म्हणत होता, "बाजी, बच्चों ने पानी माँगा, किसके दरवाज़े पे जाते?"

हे वाक्य आज त्या खिडकीकडे बघताना आठवत होतं, आणि तरी मी गप्प बसले. चहा संपवला. बिस्कीटसुद्धा खाल्लं. याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

मावशी, तू हे वाचशील, मला माहीत आहे. तू वाईट नाहीस. माझ्या तापात रात्र रात्र जागलेली तू. आजीने तुला जसं शिकवलं तसं तू करतेस, आणि ताईंच्या मुलीची फी भरतेस हेही मला ठाऊक आहे. रागावू नको. रविवारी मिस्सेनंतर येते. ताई पण असतील ना? चहा मी करेन. तो पेला तेवढा आतल्या मांडणीवर आणून ठेव, आपल्या कपांबरोबर.