बारा तासांची ड्यूटी आणि सुटलेले पोट

नागपुरात बर्डीवर रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मोचीकाकांकडून मी गेल्या तीन वर्षांत कमरेच्या पट्ट्याला दोनदा नवे छिद्र पाडून घेतले. दुसऱ्या वेळी टोच्या मारून झाल्यावर ते म्हणाले, "आता पुढे चामडंच उरलं नाही साहेब, नवा घ्या." घरात, नात्यात आणि कंपनीतही या पोटाचे एकच कारण सांगितले जाते, ते म्हणजे हालचाल नाही आणि तोंडावर ताबा नाही. बरीच वर्षे मीही तेच मानत होतो. आता मानत नाही, आणि बुटीबोरी, हिंगणा, मिहान या औद्योगिक भागांकडे रोज कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांची हीच अवस्था असल्यामुळे ते सविस्तर लिहीत आहे.

माझी ड्यूटी कागदावर नऊ तासांची आणि प्रत्यक्षात बारा तासांची आहे. मानेवाड्याहून बुटीबोरीला बसने जाण्यायेण्यात अडीच तास जातात. उरलेल्या साडेनऊ तासांत अंघोळ, जेवण, आईची औषधे, मुलीचा अभ्यास आणि झोप बसवायची असते, आणि त्यात काटछाट होते ती झोपेचीच. मी पाच, फार तर साडेपाच तास झोपतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि कूलर मध्यरात्रीपर्यंत गरम हवाच फेकत राहतो, तेव्हा तेवढीही झोप मिळत नाही.

रात्री सव्वादहाला बसमधून उतरल्यावर, घरी ताट झाकून ठेवलेले आहे हे ठाऊक असूनही, पाय चौकातल्या ठेल्याकडे वळतात. कढईतून नुकताच काढलेला आलूबोंडा, वर तर्री, आणि दोन मिनिटांत द्रोण रिकामा. त्यानंतर घरचे जेवणही होतेच. या भुकेला मी स्वतःचा दुबळेपणा समजत होतो, पण शरीरात काय घडते हे वाचल्यावर माझे मत बदलले. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2004 साली 12 निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात, दोन रात्री दहा तासांऐवजी चारच तास झोपू दिल्यावर, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) 18 टक्क्यांनी घटले, भूक चाळवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले आणि ओढ गोड, खारट व पिष्टमय पदार्थांकडे गेली. प्रयोग लहान होता, हे मान्य. पण तिथल्याच संशोधकांनी 2022 साली, साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या 80 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली, त्यांच्या पोटात इतरांच्या तुलनेत रोज सुमारे 270 कॅलरी कमी गेल्या, म्हणजे जवळपास अडीच-तीन पोळ्या. आहाराबाबत त्यांना कोणताही सल्ला दिलेला नव्हता.

झोप हे एकमेव कारण आहे, असे मी म्हणणार नाही. आनुवंशिकता आहे, तेल आहे, बसून करायचे काम आहे. पण बारा तास राबून आलेल्या माणसाला पहाटे पाचला अंबाझरी तलावावर फिरायला जा असे सांगणे म्हणजे उरलेल्या झोपेतून आणखी एक तास कापणे होय, हे सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही याचे मला वाईट वाटते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. 1948 च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. त्याच महाराष्ट्रात सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जादा वेळेचा मोबदला मिळेलही, पण कामगाराच्या झोपेचा हिशेब त्या चर्चेत कुणी मांडलेला मला दिसला नाही.

गेल्या आठवड्यात आमची वार्षिक आरोग्य तपासणी झाली. माझी कंबर 101 सेंटीमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा 90 मानतात. कार्डावर तंबाखू, दारू, तेल, मीठ यांचे रकाने होते, झोपेचा नव्हता. मी समासात पेनाने लिहिले, "झोप 5 तास, ड्यूटी 12 तास, प्रवास अडीच तास." डॉक्टरांनी ते दोनदा वाचले, किती दिवसांपासून असे आहे ते विचारले, आणि "तीन वर्षे" हे माझे उत्तर स्वतःच्या हाताने त्याखाली लिहून सही केली. ते कार्ड आता कंपनीच्या कार्यालयात गेले आहे.