आईबापाला कुठे टाकलंत?

सकाळपासून चौथ्यांदा तेच चित्र. आज डॉक्टर दिन ना! वर गुलाब, खाली 'देवदूतांना प्रणाम' आणि मध्ये ल्यूक फिल्ड्सचं 'द डॉक्टर'. पण अर्धंच. आजारी पोर आणि दाढीवाला डॉक्टर ठेवलेत, मागच्या अंधारातले आईबाप कापलेत. गुलाबाला जागा हवी होती बहुतेक.

अहो, चित्र त्यांचंच आहे!

लहानपणी गावातल्या दवाखान्यात कंपाउंडरच्या खिडकीवर हे टांगलेलं असायचं. धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा लाल औषधाची बाटली भरून घ्यायला मी रोज त्याखाली उभी. बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी. चित्रातल्या टेबलावरही बाटली आहे, तेवढीच काय ती ओळखीची वाटायची.

बाकीचं फार नंतर दिसलं. पोराला पलंग नाही, दोन खुर्च्या जोडून निजवलंय, त्याही एकमेकींसारख्या नाहीत. आईनं टेबलावर डोकं टाकलंय. बापाचा हात तिच्या खांद्यावर, डोळे डॉक्टरकडे. खिडकीत उजाडतंय, म्हणजे रात्र अशीच गेली. आणि तुमचा देवदूत? हनुवटीला हात लावून बसलाय. १८९१ साली त्याच्या हातात होतंच काय!

हो, माहितीये, फिल्ड्स लंडनमधला सुखवस्तू माणूस, ही झोपडी त्यानं आपल्या स्टुडिओतच उभी केली, पैसे साखरवाल्या हेन्री टेटचे. गरिबाच्या उशाशी रात्र काढणारे डॉक्टर तरी कितीसे असतील. मान्य. पण १८७७ च्या नाताळात त्याचं स्वतःचं पोर गेलं होतं. बापाचा तो हात त्याला कुणाकडून शिकावा लागला नसणार.

चित्र राबवून घ्यायची खोड मात्र जुनी. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं सरकारी आरोग्यविम्याविरुद्धच्या प्रचाराला हेच जुंपलं होतं. निदान अख्खं तरी वापरलं.

जाऊ दे. धाकट्याचा ताप चढला त्या रात्री आई चुलीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आमच्यात तसं नव्हतंच. ते दाराची चौकट धरून उभे होते. पहाटे मला जाग आली तेव्हाही तिथंच.

धाकटा वाचला. आता दोन मुलांचा बाप आहे. चौथा फॉरवर्ड त्याचाच.

त्याला अख्खं चित्र पाठवलं. लगेच उत्तर: "ताई, हे फार काळोखं आहे गं, मोबाईलवर मागचं काही दिसत नाही."

ब्राइटनेस वाढव, गाढवा.