बेळगाव : राज्य बदललं, चित्ररथ नाही

बेळगाव महाराष्ट्रात हवं की कर्नाटकात, हा सीमाप्रश्न म्हणजे निव्वळ पुढाऱ्यांचा खेळ, असं एका लेखात वाचलं. ते मत अर्धंच पटलं. पुढारी आले नि गेले. महाराष्ट्राने 2004 मध्ये केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयातच आहे. मग 1956 मध्ये म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलेली मराठी माणसं अजून का अडून बसलीत?

माझी मावशी शहापुरात राहते (बेळगावचं शहापूर, ठाण्याचं नव्हे!). तिच्याकडे 1 नोव्हेंबरला गेलात तर कळेल. एकीकडे राज्योत्सवाचे, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाचे, लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे निषेध म्हणून काळे कपडे घालून निघालेली मराठी माणसांची सायकल फेरी. पण तो एका दिवसाचा प्रकार झाला. खरा चिवटपणा वर्षभर चालतो. वैशाखातल्या शिवजयंतीला गल्लीगल्लीचे चित्ररथ निघतात, रात्र रात्र मिरवणूक चालते, पोरं महिनाभर आधीपासून पुठ्ठे नि बांबू घेऊन बसलेली असतात. कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं आणि लोक मांडवात बसून भाषणं ऐकतात. पुण्यात फुकट चहा दिला तरी एवढी गर्दी जमणार नाही.

गंमत म्हणजे ही भांडणं परक्यांशी नाहीतच. सौंदत्तीची यल्लम्मा देवी मराठी नि कानडी दोघांची. मराठीसाठी तावातावाने बोलणारी मावशी भावाला अण्णा नि बहिणीला अक्का म्हणते, दोन्ही शब्द कानडीतले. बाजारात भाजीचा भाव करतेही झकास कानडीत. तिचा राग कानडीवर नाही, सरकारी कागद फक्त कानडीत येतो त्यावर आहे. तो कागद वाचून घ्यायला ती शेजारच्या कानडी काकूंकडेच जाते.