गाडी मिळाली, ड्रायव्हर कोण देणार?

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेला यंत्रमाग कारखाना आहे. त्याच्या पुढचा कट्टा रविवारी संध्याकाळी आमचा असतो. गेल्या रविवारी ताई आल्या, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि चहा यायच्या आधीच म्हणाल्या, "गाडी परत उभी करावी लागली."

ताई खानापूर तालुक्यात दिव्यांग मुलांचं केंद्र चालवतात. मुलांना आणायला-सोडायला एका कंपनीनं त्यांना गाडी दिली. मी ती मागच्या महिन्यात पाहिली. अंगणात ताडपत्रीखाली उभी. दारावर देणगीदाराचं नाव हातभर अक्षरांत, मागच्या सीटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही आणि चाकाभोवती गवत वाढलेलं. मी तिथं असतानाच जांबोटीकडची एक आई नऊ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आत आली. एसटी फाट्यावर सोडते, पुढं ती चालत येते. पोराचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

"मग मागतानाच ड्रायव्हरचा पगार मागायचा की!" अण्णा म्हणाले. अण्णांची उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे.

"मागितला होता. पगार आणि डिझेल, तीन वर्षांचं. ती ओळ खोडून कागद परत आला. वस्तूला देतो, पगाराला देत नाही म्हणाले. कायद्यानं कारभारावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही म्हणे."

इथं आमचा ऑडिटर ताठ झाला. "कोण म्हणतं चालत नाही? ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआरच्या, म्हणजे कायद्यानं कराव्या लागणाऱ्या समाजकामाच्या, कारभारखर्चाला आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च धरतात. शाळा चालवली तर मास्तरचा पगार कारभारखर्च होतो काय? तसाच हा ड्रायव्हर."

अण्णांना हे नवीन होतं. खरं सांगायचं तर मलाही. मग ऑडिटरनं पहिल्यापासून सांगितलं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यायचे. कारखाना जिथं आहे त्या भागाला आधी प्राधान्य, असंही कायदाच म्हणतो.

"म्हणजे आमच्यासारख्या फौंड्रीवाल्यांना हे लागूच नाही," अण्णा म्हणाले.

"नाही. तुम्ही देता ते मनानं देता."

"मग कायदा आडवा येत नाही तर आडवं येतं काय?"

"भीती. गाडीचं बिल असतं, फोटो निघतो, फाइलला लागतो. पगार एकदा दिला की दरवर्षी मागतील, ही भीती."

ऑडिटरचं हे म्हणणं मला पटलं, पण अण्णांना पटलं नाही, आणि त्यांच्या न पटण्यालाही कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम फुगल्या, तेव्हा त्यांनी एका संस्थेला मोठी रक्कम दिली होती. त्या पैशांचं पुढं काय झालं याचं साधं पत्रही आलं नाही. तेव्हापासून ते तांदळाची पोती स्वतः टेम्पोत घालून नेतात. "माझ्या हातानं दिलेलं मला दिसतं. पगार दिला की संस्था सुस्त होतात, बघितलंय मी."

ताई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, नंतरच्या पुरात तुम्ही तांदूळ दिलात, फार बरं केलंत. पण कुणाची चूल पाण्यात गेलीय, कुठली म्हातारी माळ्यावर बसून राहिलीय, हे तुमच्या टेम्पोला वाट दाखवत सांगत कोण होतं? आमचीच बाई. बारा वर्षं त्या गावांत फिरतेय, म्हणून तिला घरं माहीत. तिचा पगार कुठल्याच देणगीत बसला नाही."

अण्णांनी कप खाली ठेवला. काही बोलले नाहीत.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, आपल्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज नव्हती. सौंदत्ती तालुक्यातल्या शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली. ते १९०६ मध्ये गेले, पण गरीब पोरांना त्या उत्पन्नातून शिकता आलं. बेळगावच्या लिंगराज कॉलेजला नाव त्यांचंच. "एकदाच वस्तू देऊन मोकळे झाले असते तर? त्यांनी उत्पन्न ठेवलं. उत्पन्न असलं की उद्याची काळजी नसते. आणि ज्यांच्याकडं इस्टेट नव्हती त्यांनी काय केलं? रयतच्या बोर्डिंगांसाठी कर्मवीरांनी मुष्टिफंड काढला. घरटी मूठभर धान्य, पण ते रोजच्या रोज बाजूला काढायचं."

"मूठभर धान्यावर आज गाडी चालत नाही, मास्तर," ऑडिटर म्हणाला.

"चालत नाही. पण रोजची मूठ हवी, हे तर खरं ना?"

मग ताईंनी दुसरं दुखणं काढलं. पूर्वी बेंगळुरूची एक मोठी संस्था परदेशी देणगीतला वाटा ताईंच्या केंद्राला द्यायची, त्यात तिथल्या दोघींचा पगार निघायचा. २०२० मध्ये विदेशी देणगीचा कायदा बदलला, एका संस्थेनं दुसरीला तो पैसा द्यायचाच नाही असं ठरलं आणि वाटा थांबला. परदेशी देणगी थेट घ्यायला स्वतःची नोंदणी करायची तर तीन वर्षांत किमान १५ लाख खर्च दाखवायला हवा. एवढं केंद्राचं अंगच नाही.

शिवाय आपल्या सीमाभागाची वेगळी कटकट. आईबापांशी बोलणं मराठीत, सरकारी कचेरीतले कागद कन्नडमध्ये, कंपनीचा अहवाल इंग्रजीत. हे तिन्ही करायला रात्री अकरापर्यंत ताईच बसतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपल्याकडच्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, तेव्हा केवढा वाद पेटला ते सगळ्यांना आठवतंय. ताईंच्या केंद्रात कन्नड घरांतली पोरंही आहेत. त्यांना फक्त सकाळी कुणीतरी आणायला हवं.

माझं मत मी तिथं सांगितलं, इथंही सांगतो. हिशोब मागावाच. अण्णांना पत्र न पाठवणाऱ्या संस्थेनं पुढच्या दहा संस्थांचं नुकसान केलं. पण हिशोब सोपा पडतो म्हणून नुसत्या वस्तूच देत राहायचं, हे बरोबर नाही. मुलाचा आखडलेला पाय मोकळा करायला हात लागतात आणि तो हात महिन्याच्या महिन्याला घर चालवत असतो.

अंधार पडला होता. अण्णांनी विचारलं, "ड्रायव्हर आणि डिझेल मिळून महिन्याला किती?"

ताईंनी आकडा सांगितला. आम्ही पाचजण आणि अण्णांच्या ओळखीचे आणखी सात कारखानदार धरले तर तो प्रत्येकी फारसा पडत नव्हता. ऑडिटर म्हणाला, रोख नको, खात्यावर टाका. २००० च्या वर रोख दिलं तर देणगीची आयकर सवलत मिळत नाही. अण्णा म्हणाले, सवलत राहू दे, दर तीन महिन्यांनी मला गाडी किती फेऱ्या फिरली ते कळव.

"कळवते," ताई म्हणाल्या. मग पिशवी उचलता उचलता थांबल्या. "अण्णा, मार्चला आणि दिवाळीला सगळेच देतात. जून-जुलैत जांबोटीकडं पावसानं रस्ते दिसत नाहीत, गाडी तेव्हाच खरी लागते. जूनमध्येही द्याल ना?"

अण्णांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि दिव्याच्या खांबाखाली जाऊन बारा महिन्यांची नावं एकाखाली एक लिहायला लागले.