काढीव मुहूर्ताचा पास्ता

माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं नाही. ठरायच्या बेतातही नाही. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या माझ्याशी बोलत नाहीये. इंदिरानगरातल्या ज्या ज्या मंडळींनी आमच्या हिला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या दाराबाहेर गाठून ‘काही लागलं तर हक्कानं सांगा हं’ असं बारीक आवाजात म्हटलं, त्या सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. मी पास्ता करत होतो. बाकी काहीही नाही.

दोष द्यायचा तर श्रावणाला द्या. एरवी ताज्या पास्त्याचा हिशोब सरळ असतो: १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, मळा, लाटा, कापा. पण आमच्याकडे आईच्या राज्यात श्रावणात अंडं उंबरा ओलांडत नाही. मग उरते दक्षिण इटलीची पद्धत, दुरम गव्हाचा रवा आणि पाणी. आता हा दुरम म्हणजे कुणी परका नव्हे, आपला बन्सीच. आपल्या निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेल्या दुरम गव्हाच्या दोन वाणांची नावं तर ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’ अशी आहेत. आणि मी मात्र रामकुंडावर उभं राहून गंगेचा पत्ता विचारावा तसा इटलीहून आलेल्या रव्याचे भाव मोबाइलवर बघत बसलो होतो. भाव बघितल्यावर स्वदेशीचा विचार आपोआप सुचला.

बन्सी रवा रविवार कारंजाजवळ मिळाला. फक्त पास्त्याला तो दोनदा दळलेला लागतो. जाड रव्याचा गोळा नीट मिळून येत नाही, आकार द्यायला घेतला की कडा फाटतात. मिक्सरमध्ये निम्मं पीठ होतं, निम्मा रवा तसाच राहतो. म्हणून एक किलोचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेलो.

गिरणीतल्या बाकावर त्या वेळी गंगापूर धरणाचा विसर्ग चालू होता. किती क्युसेक सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, यावर तिघांची चार मतं होती. टोकाला एक काका होते. पंच्याहत्तरीचे, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, मांडीवर खपली गव्हाची पिशवी. ती पिशवी ते जमिनीवर टेकवायला तयार नव्हते आणि रांगेत तिचा नंबरही कुणाला देत नव्हते.

गिरणीवाल्या भाऊंनी माझा डबा उघडला, चिमूट घेतली, बोटांत चोळली.

“हा तर रवा आहे.”

“हो. दळायचाय.”

“साहेब, रवा हा दळलेलाच असतो.”

“अजून एकदा दळायचाय.”

“म्हणजे पीठ पाहिजे. मग गहूच आणायचे ना!”

“पीठ नको. रव्यापेक्षा बारीक आणि पिठापेक्षा जाड.”

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं डबा परत देतात. पण बाकावरून आवाज आला. गिरणीच्या खडखडाटावर मात करायची म्हणून काका प्रत्येक वाक्य खड्या सुरात बोलत होते.

“कार्य निघालंय वाटतं घरात!”

“नाही हो काका, पास्ता करतोय.”

“कोणाचा?”

“पास्ता. शेवयांसारखं असतं. आकार वेगवेगळे.”

“तेच म्हणतोय मी. वळवट! गव्हले, नखुल्या, मालत्या, फेणुल्या. आमच्या थोरलीच्या वेळी सहा बायका बसल्या होत्या तीन दुपारी. भाऊ, यांना बारीक काढून द्या, लग्नाघरचं आहे.”

“लग्न नाहीये, काका.”

“पोरीचं का पोराचं?”

“मुलगी आहे, पण...”

“काय करते?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं म्हणतील लोक. पण कुणी आपल्या मुलीबद्दल विचारलं आणि ती इंजिनिअरिंगला असली तर नाशकात कुठला बाप गप्प बसलाय? मी सांगितलं, दुसऱ्या वर्षाला आहे.

“शिक्षण अर्धवट सोडवताय?” काका हबकले. “आणि आत्ता? चातुर्मासात? तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाही एक. काढीव मुहूर्त असेल.”

“मुहूर्तच नाहीये, कारण लग्नच नाहीये!”

“म्हणजे रजिस्टर,” काकांनी स्वतःशीच मान डोलावली. मग तो विचार त्यांच्या मनात पुढे सरकला. तो सरकताना मला दिसला. भुवया आधी जवळ आल्या, मग वर गेल्या. आणि भाऊंनी नेमकं तेव्हाच चाळण बघायला गिरणी बंद केली. त्या शांततेत काकांचा प्रश्न, जो खडखडाटासाठी भरून ठेवला होता, अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

“काही घाई आहे का?”

विसर्ग थांबला. ज्वारीचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाई एकदम पावत्या वाचायला लागल्या. पुराचे तिन्ही तज्ज्ञ आळीपाळीने माझ्याकडे आणि माझ्या डब्याकडे बघू लागले. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. इटलीत १९६७ पासून कायदाच आहे म्हटलं, तिथला सुका पास्ता दुरमच्या रव्याचाच लागतो. बोलोन्यात तर १९७२ साली पट्टीच्या पास्त्याची रुंदी तिथल्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवून ठेवली, शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. माणूस निर्दोष असला की फार बोलतो.

काका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “मुलगा चांगला आहे ना? मग झालं तर.” आणि स्वतःचा नंबर मला दिला. खपलीचा, रांगेतला. एवढी दया मला आजवर कुणी दाखवली नव्हती, आणि ती परत कशी करायची तेही कळेना.

पास्त्याचं म्हणाल तर तो सुरेख झाला. २०० ग्रॅम रव्याला १०० मिलिलिटर कोमट पाणी, दहा मिनिटं तळहाताच्या टाचेने रगडायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे गोळा सैलावतो. मग बोटाएवढी वळी, तिचे नखाएवढे तुकडे, प्रत्येक तुकडा बोथट सुरीने पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. दक्षिण इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या गावात बायका घराबाहेर टेबल मांडून दिवसभर हेच करतात. त्यांना येणारेजाणारे कौतुकाने बघतात, विकत घेतात. घाई आहे का असं कोणी विचारत नाही.

मी दोन ताटं भरली आणि बेल वाजली. समोरच्या काकू. बातमी त्यांच्यापर्यंत नळाच्या पाण्याच्याही आधी पोचते. त्या थेट स्वयंपाकघरात आल्या, ताटं बघितली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नखुल्या! स्वतः बाप करतोय हो!”

मी काही बोलायच्या आत त्यांनी देवघरातून करंडा आणला. शुभकार्याचं असं उघडं ठेवू नये म्हणाल्या आणि दोन्ही ताटांवर हळदकुंकू वाहिलं. भरपूर. टोमॅटोच्या सॉसमध्ये कुंकू दिसलं नाही, पण हळद लागली. मुलीने एक घास खाल्ला, हकिगत ऐकली आणि ताट बाजूला सारून खोलीत गेली.

तिचं चूक नाही. मला राग आलाय तो गंमतीचा नाहीच. हेच सगळे रविवारी गंगापूर रोडवर रांग लावून चारशे रुपयांचा पास्ता खातात, वर चीज जास्त मागतात. तिथे आत कोण मळतंय याची चौकशी नसते. आणि माझा मुलगा असता तर त्या बाकावरून ‘पेढे कधी?’ एवढंच आलं असतं. मुलगी म्हटल्यावर अख्ख्या गिरणीने मनातल्या मनात महिने मोजले. खांद्यावर हात ठेवणाऱ्या काकांनीसुद्धा. त्यांची दया मला अजून सलते. हिला हे म्हणालो तर ती म्हणाली, तुला आज कळलं का? आणि भांडी घासायला लागली, जोरात.

परवा एका केटररचा फोन आला. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाला, गिरणीतून. तारीख कधीची, पंगत की बुफे, हॉल ठरला का. मी थकलो होतो. म्हटलं, बुफे. त्याने दर सांगितला आणि म्हणाला, लाइव्ह पास्ता काउंटर घेतलात तर ताटामागे साठ रुपये जादा, हल्ली मुलींना तोच लागतो.

मी विचारलं, ताजा असतो का?

“एकदम ताजा, साहेब. तुमच्यासमोर पाकीट फोडतो.”