पाहुण्याला काही विचारावं लागू नये

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटमध्ये एक खोली हमखास दाखवतात. "मॅडम, ही तुमची गेस्ट रूम." भिंतीला पिस्ता रंग, पलंगावर उशांचा ढीग, टॉवेलचा केलेला हंस. कपाट कुठे ठेवायचं असं विचारलं की दाखवणारा मुलगा गोड हसतो. टेप लावून बघितलं तर पलंगसुद्धा नेहमीपेक्षा आखूड निघतो, खोली मोठी दिसावी म्हणून. मग ताबा मिळतो, आणि वर्षभरात त्या खोलीत इस्त्रीचं टेबल, कुणीही न चालवलेली व्यायामाची सायकल, घरातल्या सगळ्यांच्या बॅगा आणि गणपतीचं मखर मुक्कामाला येतं. खरे पाहुणे झोपतात हॉलमध्ये, दिवाणावर.

माझं स्पष्ट मत आहे की ठाण्यातल्या दोन-अडीच खोल्यांच्या संसारात वेगळ्या गेस्ट रूमचा हट्ट धरू नये. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या दुसऱ्या खोलीचं किमान क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर धरलंय, म्हणजे जेमतेम ८० चौरस फूट. त्यात सहा बाय साडेसहाचा किंग बेड टाकला की निम्मी खोली गेली. उरलेल्या जागेत माणसाने बॅग ठेवायची की स्वतः उभं राहायचं? वर्षातल्या मोजक्या रात्रींसाठी एवढी महागाची जागा अडवून ठेवण्यापेक्षा मुलाची खोली, नाहीतर हॉलच, तासाभरात पाहुण्यांसाठी तयार करता येईल अशी ठेवावी. तयारी असली की खोली कुठलीही चालते.

आणि आपल्याकडे येतं कोण, हेही बघा ना. ठाण्याला मुद्दाम पाहुणचार झोडायला फारसं कुणी येत नाही. तलावपाळीची फेरी आणि मामलेदारची मिसळ आपणच त्यांच्या गळ्यात मारतो. लोक येतात ते परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दाखवायला, बीकेसीला व्हिसाच्या मुलाखतीला, कुठल्यातरी परीक्षा केंद्रावर, नाहीतर मध्यरात्रीचं विमान पकडायला. कोकणकन्या, देवगिरी, विदर्भ, महालक्ष्मी, सगळ्या रात्रभर धावून पहाटे किंवा सकाळी ठाण्याला येतात. पुन्हा ठाणे हे शेवटचं स्टेशन नव्हे, गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. त्यामुळे पाहुणा बिचारा पनवेल-कल्याणपासूनच बॅग मांडीवर घेऊन टक्क जागा असतो. असा माणूस दारात आला की त्याला आधी काय हवं असतं? बाथरूम, चहा आणि झोप. टॉवेलचा हंस नको असतो.

मला विचाराल तर पाहुण्यांची सोय चांगली झाली की नाही हे एकाच गोष्टीवरून ठरतं. त्याला किती गोष्टी विचाराव्या लागल्या? आपली माणसं संकोची. 'उगाच कशाला त्यांना त्रास' म्हणून रात्रभर कुडकुडतील, पण दार वाजवणार नाहीत. मी एका नातेवाइकांकडे अशी एक रात्र काढली आहे. खोली अगदी मासिकातल्या फोटोसारखी. एसी १८ वर आणि रिमोट कुठे ठेवलाय ते फक्त यजमानांना ठाऊक. पांघरायला एक नाजूक, सॅटिनचं काहीतरी, ते अंगावर टिकतच नव्हतं. शेवटी बॅगेतली कांजीवरम काढून पांघरली. सकाळी "झोप लागली ना छान?" असं विचारल्यावर "हो, मस्त" म्हणाले, दुसरं काय म्हणणार!

आता झोपायच्या जागेबद्दल. डबल बेड हा पाहुण्यांसाठी सगळ्यांत गैरसोयीचा पलंग आहे. नवरा-बायको जोडीने येतात ते लग्नकार्याला. एरवी येतात आत्या आणि त्यांची जाऊ, मामा आणि त्यांचा मेहुणा, परीक्षेचा मुलगा आणि सोबतीला आलेले काका. त्यांना एका गादीवर, एका रजईत कशाला घालायचं? ३६ इंची दोन सिंगल गाद्या घ्या. जोडल्या की डबल, वेगळ्या केल्या की दोघं सुटी. लांबीला ७२ इंचांची स्वस्त पडते, पण हल्लीची पोरं सहा फुटी आहेत, ७८ इंचांचीच घ्या. प्रत्येकाला स्वतंत्र पांघरूण हा तर माझ्याकडे कायदाच आहे. सोलापुरी चादर त्यासाठी नंबर एक, धुवायला सोपी, मे महिन्यातही अंगावर जड होत नाही आणि एसीतही पुरते. उशा मात्र दोन जाडीच्या ठेवाव्यात. मानेचा त्रास असलेल्या माणसाला जाड उशी म्हणजे शिक्षा.

खाली गादी घालून झोपायला आपल्याला काही वाटत नाही, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जमिनीवरून उठणं अशक्य होतं. पलंग साधारण गुडघ्याइतका उंच, म्हणजे १८ इंचांच्या आसपास असला की उठबस सोपी जाते. उलट काही म्हाताऱ्यांना खालीच झोप लागते. आमचे चुलत सासरे फार मऊ गादीवर बसले की "अगं, ही मला गिळतेय" म्हणतात. फोनवर आधीच विचारावं, "वर झोपणार की खाली?" यात काही लाजायचं नाही.

पावसाळ्यात एक वेगळाच प्रश्न. बॉक्स बेडच्या पोटात कोंबलेल्या गाद्या-चादरी ऑगस्टात बाहेर काढल्या की कुबट वास येतो, आणि आपल्या नाकाला तो सवयीचा झालेला असतो, कळतच नाही. डांबरगोळ्या टाकल्या तर कुबट अधिक डांबर असा जोडवास येतो. उपाय साधा आहे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गादी उभी करून तिच्यावर चार-पाच तास पंखा सोडा आणि चादरी, अभ्रे गरम इस्त्री फिरवून घाला. इस्त्रीने ओल जाते. ऑक्टोबरचं ऊन पडलं की मात्र गाद्या गच्चीत घातल्याच पाहिजेत, सोसायटीच्या सेक्रेटरींनी कितीही नोटिसा लावल्या तरी.

डासांबद्दल ठाणेकरांनी बढाया मारू नयेत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचं जंगल, मधे जागोजागी बांधकामांचं साचलेलं पाणी. आपण सरावलोय, पाहुणा सरावलेला नसतो. खिडकीची जाळी संध्याकाळ व्हायच्या आत लावा, आणि गावाकडच्या माणसाला मच्छरदाणी दिलीत तर तो मशीनपेक्षा खूश होतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी आडव्या झालेल्या पाहुण्यालाही मच्छरदाणी लागते.

एसी. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी चालू केले की आपोआप २४ अंशांवर येतात, तेवढं पुरे. रिमोट उशाशी ठेवा. पंख्याचा रेग्युलेटर कुठला आणि दिव्याचं बटण कुठलं ते हात लावून दाखवा. आमच्याकडे एकाच बोर्डावर आठ बटणं आहेत आणि त्यातलं एक काय करतं ते अजून घरातल्यांनाही ठाऊक नाही, त्यामुळे मी सरळ चिकटपट्ट्या लावल्या. आमचे हे म्हणाले, घराचं हॉस्टेल केलंस. करू दे.

खरी परीक्षा बाथरूमात असते. डावीकडे गरम की उजवीकडे, गीझरचं बटण आत की बाहेर, आणि कडी नीट लागते का? पाहुण्याला कडीची खात्री नसेल तर तो आंघोळीला गाणं म्हणत बसतो, बाहेरच्यांना कळावं म्हणून. कोरडे कपडे टांगायला दोन खुंट्या हव्यात, शॉवरच्या तुषारांपासून लांब. बादली आणि मग हवाच. शॉवरखाली आंघोळ झाल्यासारखी न वाटणारी एक अख्खी पिढी अजून आपल्यात आहे. झाकणाची कचरापेटी ठेवा. घरी मुली-बायका येतात, त्यांनी पॅड कुठे टाकायचं हे यजमानीणबाईंना शोधून विचारायचं का?

गीझरचा हिशेब तर कुणीच करत नाही. १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर २७ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला वीसेक मिनिटं घेतो. त्यात थंड पाणी मिसळून आंघोळीजोगं ४० अंशांचं केलं की जेमतेम ३८ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. घरात चौघं आणि वर तीन पाहुणे असतील, आणि त्यातल्या एकाला सव्वासातची लोकल पकडायची असेल, तर आंघोळीचे नंबर रात्रीच ठरलेले बरे. त्यातून महापालिकेने त्याच दिवशी पाण्याचा शटडाऊन जाहीर केलेला असतो. पिंप भरून ठेवा आणि पाहुण्यांना आधीच सांगा. गावाकडची माणसं पाण्याच्या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार असतात, फक्त साबण लावलेला असताना नळ जायला नको.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत, पण त्यांनीच माणूस सुखावतो. उशाशी तांब्या-भांडं. पलंगावरून हात पोचेल असा प्लग, कारण चार्जर लावून फोन जमिनीवर ठेवला की सकाळी कुणाचा तरी पाय त्याच्यावर पडतो. कपाटातला एकच कप्पा, पण पूर्ण रिकामा. बॅग ठेवायला खुर्ची. पॅसेजमध्ये रात्रीचा मंद दिवा. वायफायचा पासवर्ड कागदावर, मोठ्या अक्षरात. गेटवरच्या ॲपमध्ये नाव आधी टाकून ठेवा, नाहीतर पहाटे पाचला वॉचमन त्यांना "कुणाकडे? का? किती दिवस?" अशी उलटतपासणी करतो. गाडीने येणार असतील तर रात्रीच्या पार्किंगचंही आधीच सांगावं, आमच्याकडे तरी मिळत नाही.

आता ज्या पाहुण्यांसाठी हे सगळं लिहायला घेतलं त्यांच्याबद्दल. औषधोपचारांसाठी येणारी माणसं. मध्य रेल्वेवर राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांनी कधी ना कधी हा पाहुणा सांभाळलेला असतो. केमो साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने चालते, रेडिएशन तर कित्येक आठवडे रोजचं असतं. तेव्हा हा एका रात्रीचा मामला नसतो. परळला जायचं तर स्लो लोकल, खारघरच्या टाटाला जायचं तर ठाण्याहून थेट पनवेल लोकल, दोन्हीकडे पेशंटने सकाळी घाई न करता निघायचं असेल तर त्याला रात्री झोप हवी. अशा माणसाला हॉलमध्ये झोपवू नका. मुलाला हॉलमध्ये काढा, खोली पेशंटला द्या, आणि सोबतच्या माणसाची गादीही त्याच खोलीत घाला, रात्री उलटी झाली तर हाक पोचली पाहिजे. केमो चालू असताना वासाने मळमळतं. उदबत्ती, रूम फ्रेशनर, घमघमणारा फ्लोअर क्लीनर, सगळं बंद. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावायचं. प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून टॉवेल, पेला, ताट वेगळं ठेवायचं, आणि हे अशा रीतीने, की त्याला वाळीत टाकल्यासारखं वाटू नये. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर येण्याआधीच कळवा. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची रांग दारातच थोपवा, हे काम यजमानाचंच आहे, पेशंटला ते जमत नाही.

आणि आग्रह! इथे माझं सासरच्या अर्ध्या मंडळींशी वाकडं आहे. "काय हे, एकच पोळी?" याला आपण प्रेम म्हणतो. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला नऊ वाजता साजूक तुपातला शिरा, पोहे आणि वर दूध देणं यात त्याची सोय कमी आणि आपली हौस जास्त. झोपू द्या त्याला. बारा वाजता उठला तर बारा वाजता चहा. खोलीचं दार लोटलेलं असेल तर दर अर्ध्या तासाने "काही हवंय का?" विचारत आत डोकावू नका. त्याला घराची किल्ली द्या, सरळ. ज्याच्या हातात किल्ली आहे तो माणूस निम्मा मोकळा होतो. स्वयंपाकघरात चहा-साखरेचे डबे दाखवून ठेवा आणि पहाटे त्याने स्वतः चहा केला तर "अगं बाई, तुम्ही कशाला" असा गोंधळ घालू नका.

राहिला तो सगळ्यांत अवघड प्रश्न, किती दिवस? आपण विचारत नाही, ते सांगत नाहीत, आणि चौथ्या दिवसापासून स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायला लागतात. मी आता फोनवर ते येतायत म्हटल्याबरोबर विचारते, "परतीचं तिकीट काढलंत का? नाहीतर इथून काढून ठेवू." १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच मिळतं, त्यामुळे ही चौकशी आता खरोखरच कामाची झाली आहे, नुसती आडून विचारपूस नाही. तारीख कळली की दूध, पोळीवाल्या मावशी, मुलाचा अभ्यास, सगळं लावता येतं. अजूनपर्यंत कुणी रागावलं नाही. एका मावससासूबाईंनी तर उलट विचारलं, "दोन दिवस जास्त राहिले तर चालेल का गं?" मी कॅलेंडर बघितलं आणि शनिवारपर्यंत चालेल म्हणून सांगितलं.