निघता निघेना कॉटर

जुन्या चोवीस इंची सायकलचे पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात एकदा 'कट्' असा आवाज येऊ लागला, की कॉटर सैल झाली असे खुशाल समजावे. पायडलच्या दांडीला, म्हणजे क्रँकला, मधल्या एक्सलवर (आसावर) धरून ठेवणारी ही पिन बोटाएवढीही लांब नसते. जाडी साडेनऊ मिलिमीटर, एका अंगाने तिरकी तासलेली, शेपटाला आटे आणि त्यावर नट. नवी कॉटर चहाच्या पैशांत मिळते. जुनी काढायला काय पडते, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

एरवी नट काढून शेपटाकडून रेटा दिला की ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. परंतु माझ्या कॉटरने कोल्हापूरचे कित्येक पावसाळे अंगावर घेतले होते आणि गंजाच्या साक्षीने तिचे क्रँकशी असे काही सख्य जमले होते, की डिझेल, खोबरेल तेल आणि माझे अपशब्द यांपैकी कशानेही ती जागची हलेना.

गल्लीचे मत एकच होते : "हाणा की एक सणसणीत!" आता शेपटाचे आटे नाजूक असतात, घाव बसला की टोक छत्रीसारखे फुलते आणि मग ते भोकातून मागे जातच नाही. शिवाय तो हादरा एक्सलमधून थेट बेअरिंगच्या छर्‍यांना पोचतो आणि ते ज्यांत फिरतात त्या वाट्यांना खड्डे पडतात. हे सारे मी सविस्तर समजावून सांगितल्यावर सल्लागारांनी एकमेकांकडे पाहिले आणि शेजारचे काका घरून आणखी मोठा हातोडा घेऊन आले.

मला पिन ठोकायची नव्हती, दाबून काढायची होती. म्हणून शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडे कागदावरचे चित्र घेऊन गेलो.

"किती नग?"

"एकच."

"कशाला लागतंय?"

"सायकलची कॉटर काढायला."

"घरात हातोडा न्हाई व्हय?"

तरीही चित्र हातात आल्यावर मामांच्यातला कारागीर जागा झाला. जाड प्लेटचा कमानीसारखा सांगाडा, एका टोकाला पिनेचे डोके मोकळे आत शिरेल असे बारा मिलिमीटर भोकाचे बुश, म्हणजे नळीचा तुकडा, समोरून सोळा मिलिमीटरचा बोल्ट आणि शेपूट घसरू नये म्हणून बोल्टच्या तोंडाला खळगा. हा खळगा त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी दोनदा कोरला. त्यांच्या मजुरीत कॉटरचा अख्खा डबा आला असता.

आटे दबू नयेत म्हणून नट शेपटाच्या टोकाशी सपाट ठेवला, अवजार चढवले आणि पान्ह्यात फूटभर पाइप घातला. या बोल्टच्या आट्यांचे अंतर २ मिलिमीटर असते. म्हणजे हात सुमारे १,९०० मिलिमीटरचा वळसा घालतो तेव्हा टोक जेमतेम २ मिलिमीटर पुढे सरकते, आणि हाताच्या जोराला बळ येते ते याच हिशेबातून. बराच वेळ काहीच झाले नाही. सांगाडा कुरकुरला, मीही कुरकुरलो, आणि मग 'ठण्ण' असा आवाज झाला की काका धोतर सावरत धावत आले : "मोडली न्हवं?"

मोडली नव्हती. आटे शाबूत ठेवून कॉटर सरळ बुशात उतरली होती.

नवी पिन कानशीने घासून मापात आणली. ती पाचरीसारखी घट्ट बसवून मगच नट आवळायचा असतो, आणि त्यासाठी माझे अवजार उलटे लावले असते तरी काम भागले असते; परंतु तोवर काकांनी हातोडा उचलला होता.